समुद्राकाठचं बिऱ्हाड

समुद्राकाठच्या गावी चार दिवस हवापालटासाठी जाणं निराळं आणि तिथं बिऱ्हाड थाटणं निराळं, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मी मूळची हर्णैची. मे महिन्यात बंदरावर मासे घ्यायला आलेला पाहुणा आणि जुलैच्या पावसात दारं लावून बसलेलं गाव यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नसते. त्यामुळे दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावर राहायला जायचं ठरलं आणि नातेवाईक म्हणू लागले, ‘मजा आहे बुवा तुमची, रोज समुद्र!’, तेव्हा मला समुद्राचं फारसं अप्रूप वाटलं नाही. मनात प्रश्न होते ते साधेच. गॅस कसा येणार, भाजी कुठं मिळणार, रात्री-अपरात्री आजारी पडलं तर कुणाचं दार ठोठावायचं? आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते अशाच गोष्टींविषयी. प्रवासवर्णनं पुष्कळ झाली, याला बिऱ्हाडवर्णन म्हणा हवं तर!

आधी थोडं गावाविषयी. गावाचं नाव नेर्हा. रोमन लिपीत लिहिताना मधे ‘जे’ येतो, पण आमच्या आंदालुसिया प्रांतात त्याचा उच्चार चक्क ‘ह’ होतो. मालागा शहरापासून पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर हे गाव आहे. पाठीशी आल्मिहारा डोंगराची रांग, पुढ्यात भूमध्य समुद्र. रेल्वे नाही, मालागाला जायचं तर बस. वस्ती २१ हजारांच्या आसपास. १९५९ साली इथल्या काही मुलांना गावाजवळ एक प्रचंड गुहा सापडली, आणि १९८१ मध्ये या गावात चित्रित झालेली ‘वेरानो आसूल’ म्हणजे ‘निळा उन्हाळा’ ही मालिका स्पेनच्या दूरचित्रवाणीवर गाजली. तेव्हापासून पर्यटकांची जी रीघ लागली ती आजतागायत.

आम्ही तिथं पोचलो २०२३ च्या सप्टेंबरात. परदेशी कंपनीचं काम घरबसल्या संगणकावरून करणाऱ्यांना, ठरावीक उत्पन्नाच्या अटीवर, देशात राहण्याचा परवाना देणारा कायदा स्पेनने २०२२ च्या डिसेंबरात केला होता. यजमानांचं काम त्यात बसलं. माझं भाषांतराचं काम तर कुठंही बसून होण्यासारखंच.

नव्या माणसाचा पहिला धडा असतो नगरपालिकेच्या खिडकीवर. स्पेनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने, मग तो देशी असो की परदेशी, आपल्या गावच्या रहिवाशांच्या नोंदवहीत नाव घातलं पाहिजे असा १९८५ सालापासून कायदा आहे. या नोंदवहीला म्हणतात ‘पाद्रोन’. भाडेकरार आणि पासपोर्ट घेऊन जायचं, अर्ज भरायचा, की शिक्क्याचा दाखला मिळतो. आपल्याकडे एके काळी रेशनकार्डाला जो मान होता, तोच तिथं या दाखल्याला. मुलाला शाळेत घालायचंय? पाद्रोन दाखवा. आरोग्य केंद्रात नाव नोंदवायचंय? पाद्रोन आणलंत का? लग्न नोंदवायचंय? आधी पाद्रोन.

गंमत अशी की ही नोंद करताना तुमच्याकडे राहण्याचा परवाना आहे की नाही हे नगरपालिका तपासत नाही. तिला हवी असते माणसांची मोजणी. वरून येणारा निधी आणि नगरसेवकांची संख्या या मोजणीवरच ठरते. शिवाय गावाने कोणत्या सोयी पुरवल्याच पाहिजेत हेही. वस्ती ५ हजारांवर गेली की सार्वजनिक वाचनालय आणि बाग हवी, २० हजारांवर गेली की अग्निशमन, क्रीडांगण आणि समाजसेवेची व्यवस्था हवी, ५० हजारांवर गेली की शहर बस. आता आमच्या २१ हजारांच्या गावात या हिशेबाला किती धार येते पाहा. ब्रिटन, जर्मनी, नॉर्डिक देशांतून आलेली अनेक निवृत्त मंडळी वर्षाचा मोठा काळ इथं काढतात, पण नाव घालत नाहीत. पाणी वापरतात, कचरा करतात, रस्त्यावरच्या दिव्याखालून फिरायला जातात, पण कागदावर ती नसतातच. त्यामुळे कुणी नवीन माणूस दाखला घ्यायला आला की खिडकीमागची बाई जरा जास्तच प्रेमाने बोलते, असा माझा तरी अनुभव आहे. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला कायम वास्तव्याचा परवाना मिळेपर्यंत दर दोन वर्षांनी ही नोंद ताजी करावी लागते. नाहीतर नाव वगळलं जातं.

यानंतरची पायरी पोलिसांकडची. बोटांचे ठसे द्यायचे आणि परदेशी नागरिकाचं ओळखपत्र घ्यायचं. त्यावरचा क्रमांक पुढे विजेच्या बिलापासून मोबाइलपर्यंत सगळीकडे लागतो, तेव्हा तो पाठच झालेला बरा. सुरुवातीला एक अक्षर, मग सात आकडे, शेवटी आणखी एक अक्षर. हे शेवटचं अक्षर आकड्यांना २३ ने भागून जी बाकी उरते तिच्यावरून ठरतं, म्हणून एखादा आकडा इकडचा तिकडे झाला की संगणक तत्काळ ओळखतो. खरी कसोटी असते ती या कामासाठी वेळ मिळवण्याची. सगळी कार्यालयं आधी वेळ ठरवून या म्हणतात आणि त्या वेळा आठवडेच्या आठवडे मिळत नाहीत.

मराठी माणसाची याहून मोठी पंचाईत होते ती नावाची. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात. पहिलं वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. बाई लग्नानंतर नाव बदलत नाही. आणि आपलं नाव कसं? स्वतःचं, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. आपण असं भरघोस पूर्ण नाव सांगितलं की समोरचा कारकून मधलं नाव पहिल्या आडनावाच्या रकान्यात आणि आडनाव दुसऱ्या रकान्यात घालून मोकळा होतो. तिथं हाक मारतात ती पहिल्या आडनावाने. म्हणजे दवाखान्यात बाईचा नंबर आला की पुकारा होतो तिच्या नवऱ्याच्या नावाचा! यावर उपाय एकच. पासपोर्टवर आडनावाच्या जागी जे आहे तेवढंच पहिल्या रकान्यात, आणि दुसरा रकाना कोरा. कोरा रकाना पाहून कारकुनाचा जीव खालीवर होतो, पण ठाम राहायचं. आणखी एक, नवरा-बायकोचं आडनाव सारखं पाहून ‘तुम्ही बहीण-भाऊ का?’ असं विचारतात. रागवायचं नाही. त्यांच्या हिशेबाने प्रश्न रास्तच असतो.

आता घराकडे वळू, कारण खरी गोम तिथंच आहे.

स्पेनचा भाडेकरूविषयक कायदा तसा भाडेकरूच्या बाजूचा आहे. कायमच्या राहण्यासाठी घर घेतलं आणि मालक खासगी व्यक्ती असेल तर २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणे भाडेकरूला पाच वर्षं राहता येतं, मालक कंपनी असेल तर सात. अनामत एका महिन्याच्या भाड्याची. पण हे संरक्षण हंगामी कराराला लागू नाही. आणि समुद्रकाठच्या गावात हंगामी करार म्हणजे काय, तर सप्टेंबर ते जून. जून संपला की घर रिकामं करायचं, कारण जुलै-ऑगस्टात आठवड्याच्या पर्यटकांकडून मिळणाऱ्या पैशाशी आपल्या महिन्याच्या भाड्याची बरोबरीच होत नाही. बदलीवर आलेले शाळामास्तर, आरोग्य केंद्रातल्या परिचारिका, हॉटेलांत वाढणारी मुलं, सगळ्यांची हीच कहाणी. ज्या दोन महिन्यांत गावाला त्यांची सर्वांत जास्त गरज, नेमकं तेव्हाच त्यांच्या डोक्यावरचं छप्पर जातं.

आमचं पहिलं घर असंच होतं. सज्जात उभं राहिलं की समोर समुद्र. मालकाने करार हंगामी असल्याचं आधीच सांगितलं होतं, त्यामुळे फसवणूक वगैरे काही नाही. पण २०२४ च्या मार्चपासून आम्ही जे घर शोधायला लागलो ते मे अखेरपर्यंत शोधतच होतो. फलक भरपूर, पण विचारलं की ‘जूनपर्यंत’. शेवटी गावाच्या वरच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर, पूर्ण वर्षाच्या कराराचं घर मिळालं. खिडकीतून समुद्र दिसत नाही, समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे दिसतात. मला विचाराल तर नव्या माणसाने घर पाहताना भाडं किती हे नंतर विचारावं, आधी विचारावं, ‘वर्षभर देणार का?’ आणि त्याच दमात, ‘या पत्त्यावर पाद्रोन करता येईल ना?’ काही मालक त्याला नाखूश असतात. कायद्याने भाडेकरार हातात असला की मालकाच्या वेगळ्या परवानगीची गरज नसते, पण जातानाच वाद कशाला?

त्याच वर्षी, २०२४ च्या २० एप्रिलला कॅनरी बेटांवर आणि २९ जूनला मालागात लोक रस्त्यावर उतरले होते. ‘आम्हाला आमच्याच गावात घर परवडत नाही’ हे त्यांचं गाऱ्हाणं. त्या एका वर्षात स्पेनला भेट देणारे परदेशी पर्यटक ९ कोटी ४० लाखांच्या जवळपास होते, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या जवळजवळ दुप्पट. मोर्चातल्या घोषणा ऐकताना आपण नक्की कोणत्या बाजूचे, असा प्रश्न माझ्यासारखीला पडतोच. परदेशातला पगार आणून इथं घर भाड्याने घेणारेही भाडी वाढवतात, हे खोटं नाही.

असो. घर मिळालं की पुढची सवय लावून घ्यायची ती घड्याळाची. दुपारचं जेवण अडीच-तीनला, रात्रीचं नऊ-दहाला. दोन ते पाच दुकानं बंद. पुणेकरांना यात नवल वाटायचं कारण नाही! पण लोक समजतात तशी ही निव्वळ आळसाची गोष्ट नव्हे. भूगोलाच्या हिशेबाने स्पेनने इंग्लंडची वेळ पाळायला हवी. १९४० साली फ्रँकोच्या राजवटीत घड्याळं एक तास पुढे, जर्मनीच्या वेळेला लावली गेली आणि पुन्हा मागे आलीच नाहीत. त्यात उन्हाळ्यात सगळ्या युरोपासारखा आणखी एक तास पुढे. त्यामुळे आमच्याकडे उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सव्वादोन वाजलेले असतात आणि जूनमध्ये सूर्यास्त साडेनऊनंतर. अडीचला जेवणारा स्पॅनिश माणूस सूर्याच्या हिशेबाने सव्वाबारालाच जेवत असतो, आपल्यासारखाच. हे एकदा लक्षात आलं की भांडण मिटतं.

दुपारी बाहेर जेवायचं झालं तर ‘मेनू देल दिआ’ मागावं. दोन पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं ठरलेल्या किमतीत. १९६० च्या दशकात पर्यटकांसाठी सरकारने नेमून दिलेल्या ताटावरून ही पद्धत रुळली. आपली राईस प्लेटच ती. शाकाहारी मंडळींनी मात्र सावध राहावं. भाजीत डुकराच्या मांसाचे तुकडे आणि कोशिंबिरीत टूना घातला तरी तो पदार्थ भाजीचाच, असा तिथला समज आहे.

दुकानात, बँकेत, दवाखान्यात शिरलात की आधी एक वाक्य म्हणायचं, ‘किएन एस एल उल्तिमो?’ म्हणजे ‘शेवटचं कोण?’ कुणीतरी बोट वर करतं. त्या माणसाला ध्यानात ठेवायचं आणि खुशाल कुठंही बसायचं. तुमच्यानंतर येणारा तुम्हाला विचारेल. रांग दिसत नाही, पण असते, आणि काटेकोर असते. मला ही पद्धत फार आवडते. एक वाक्य बोलल्याशिवाय आत जागा मिळत नाही, त्यामुळे मुखदुर्बळ माणसालाही तोंड उघडावंच लागतं.

भाषा वर्गात शिकून जावं आणि तिथं कुणाचं काही कळू नये, असं आंदालुसियात हमखास होतं. शब्दाच्या शेवटचा ‘स’ हे लोक गिळून टाकतात. ‘दोस’ म्हणजे दोन, तर ऐकू येतं ‘दो’, ‘मास’ म्हणजे आणखी, तर ऐकू येतं ‘मा’. पण मराठी माणसाला काही शब्द आधीच ओळखीचे निघतात, कारण पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण आणि तिची देणगी आपल्या घरात चारशे-पाचशे वर्षांची. पावाला ‘पान’ म्हणतात. पैसे देणं याला ‘पागार’, आणि आपण महिन्याकाठी त्याचीच वाट पाहत असतो. बटाट्याला मात्र ‘पाताता’ म्हणावं. ‘बाताता’ म्हणाल तर मालागाकडे हातात रताळं पडेल. संत्रं म्हणजे ‘नारान्हा’, साखर म्हणजे ‘आसूकार’. हे दोन्ही शब्द अरबांनी तिकडे नेले आणि अरबांकडे ते फारसीमार्गे गेले ते आपल्या नारंग आणि शर्करा यांच्यावरून.

साखरेवरून आठवलं. हा किनारा एके काळी उसाचा होता. ऊसही अरबांनीच तिथं आणला. आमच्या गावाजवळ मारो म्हणून वस्ती आहे, तिकडे जाताना चार मजली कमानींचा एक पाणीपूल लागतो. एकोणिसाव्या शतकात साखर कारखान्याला पाणी पुरवण्यासाठी तो बांधला. शेजारच्या ग्रानादा जिल्ह्यातला या किनाऱ्यावरचा शेवटचा ऊस-साखर कारखाना २००६ मध्ये बंद पडला. पण डोंगरात सहा-सात किलोमीटरवर फ्रिहिलियाना गावात उसाचा रस आटवून ‘मिएल दे कान्या’ बनवण्याचा एक कारखाना अजून चालू आहे. शब्दशः अर्थ ‘उसाचा मध’. चव घेतली आणि मी उडालेच, ही तर आपली काकवी! ते लोक ती तळलेल्या वांग्याच्या कापांवर घालतात. आता मी भाकरी करते तेव्हाही तीच बाटली काढते. ज्वारीचं पीठ मालागाहून आणावं लागतं, काकवी मात्र कोपऱ्यावर मिळते.

आंब्याचंही तसंच. युरोपच्या मुख्य भूमीवर आंबा मोठ्या प्रमाणावर पिकतो अशा मोजक्या प्रदेशांपैकी हा एक. जात ‘ऑस्टीन’, फ्लोरिडाहून आलेली. तिचं कूळ हेडन या जातीमार्फत १८८९ साली भारतातून फ्लोरिडात नेलेल्या मुलगोबापर्यंत पोचतं. हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा. हापूसची सर नाही, हे मी तिथल्या भाजीवाल्याला तोंडावर सांगितलं आहे आणि त्याने ते मनावर घेतलेलं नाही.

माशांच्या बाबतीत मात्र मी घरीच असते. बाजारात सोमवारी ताजी मासळी शोधू नये, कारण रविवारी होड्या समुद्रात जात नाहीत. सार्डिन म्हणजे आपली तारली. ती वेताच्या काठीला ओवून, वाळू भरलेल्या जुन्या होडीत ऑलिव्हच्या लाकडाचा विस्तव करून त्यापुढे भाजतात. याला म्हणतात ‘एस्पेतो’. ज्या महिन्यांच्या नावात ‘र’ नाही, म्हणजे मे ते ऑगस्ट, त्यांत ती खावी असा संकेत आहे. ‘बोकेरोन’ हा मासा मांदेलीच्या जातकुळीतला, आणि मालागाच्या लोकांना इतर स्पॅनिश लोक चेष्टेने त्याच नावाने हाक मारतात.

किनारा सगळ्यांचा. १९८८ च्या कायद्याप्रमाणे पुळण ही सार्वजनिक मालमत्ता आहे, कोणत्याही हॉटेलला ती स्वतःची म्हणता येत नाही. तरी ऑगस्टात लोक पहाटे जाऊन छत्री रोवतात आणि घरी येऊन झोपतात. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांच्या जातीचेच हे लोक. काही गावांत यावर आता दंड आहे.

नव्या माणसाला फसवतो तो हिवाळा. बाहेर ऊन पडलेलं, पर्यटक अर्ध्या बाहीत, आणि घरात मात्र हुडहुडी. घरं बांधलेली उन्हाळ्यासाठी: फरशीची जमीन, चुन्याच्या भिंती, तापवायची सोय नाही. जुन्या घरांत यावर एक झकास उपाय असतो. गोल टेबलावर जमिनीपर्यंत लोंबणारं जाड कापड घालायचं आणि खाली शेगडी ठेवायची. पूर्वी कोळशाची, आता विजेची. सगळं कुटुंब पाय आत घालून बसतं. गॅस अजून बऱ्याच घरांत नारिंगी सिलिंडरचा, साडेबारा किलोचा. रिकामा द्यायचा, भरलेला घ्यायचा. वर चढवून आणणाऱ्याला दोन नाणी दिली की तो पुढच्या खेपेला आपल्याला विसरत नाही. रात्रीचं औषध लागलं तर हिरव्या क्रॉसच्या कोणत्याही दुकानावर त्या दिवशीच्या पाळीच्या दुकानाचा पत्ता लावलेला असतो. तो आमच्या पहिल्याच जानेवारीत उपयोगी पडला.

पाण्याचं म्हणाल तर २०२३ च्या अखेरीस आमच्या भागातलं ला विन्युएला धरण दहा टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. आसपासच्या काही गावांत रात्री नळ बंद, पुळणीवरचे फवारे बंद, आंब्याच्या बागांचं पाणी तोडलेलं. मराठवाडा ज्याला ठाऊक आहे त्याला हे चित्र नवं नाही. पण हॉटेलांचे पोहण्याचे तलाव आणि वाळणारी झाडं दहा मिनिटांच्या अंतराने पाहिली की मन खट्टू होतं. २०२५ च्या मार्चमध्ये सलग पाऊस झाला तेव्हा आमच्या गल्लीतले म्हातारे सज्जात येऊन नुसता पाऊस बघत उभे होते.

सणांत बाहेरच्याला सहज सामावून घेणारे दोन. २३ जूनच्या रात्री सान हुआनच्या होळ्या पेटतात आणि मध्यरात्री सगळे समुद्रात पाय बुडवतात. १६ जुलैला कोळ्यांची देवी, कार्मेन माता, होडीतून समुद्रात नेतात. आपली नारळी पौर्णिमा आठवल्याशिवाय राहत नाही. पण गावची स्वतःची जत्रा भरते ऑक्टोबरात, पर्यटक पांगल्यावर. त्या दिवसांत पहिल्यांदाच मला दुकानदार ग्राहक म्हणून न पाहता ‘काय, तुमच्या वरच्या आजी बऱ्या आहेत ना?’ असं विचारू लागले.

या वरच्या आजी म्हणजे आमच्या चौथ्या मजल्यावरच्या बाई, वय ऐंशीच्या पुढे. मला ‘ईहा’ म्हणतात, म्हणजे ‘मुली’. गुडघ्यांनी बेजार, त्यामुळे त्यांचा पाव मी आणते आणि त्या मला गिळलेला ‘स’ कुठं गिळायचा ते शिकवतात. २०२५ च्या एप्रिलपासून स्पेनमध्ये एक नवा नियम आला. इमारतीतलं घर पर्यटकांना द्यायला सुरुवात करायची असेल तर घरमालकांच्या मंडळात तीन पंचमांश मतांची संमती लागते. हे मंडळ म्हणजे हुबेहूब आपली हाउसिंग सोसायटी. तीच वर्गणी, तेच गच्चीच्या गळतीचे वाद. आमच्या इमारतीतल्या दोन घरमालकांनी असा अर्ज केला. भाडेकरूला मत नसतं. पण मालकाला सहीचं पत्र देऊन आपल्या वतीने कुणालाही पाठवता येतं, आणि आजींनी ते पत्र माझ्या नावाने लिहिलं.

मी विचारलं, मत कुठं देऊ? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, नवरा गेल्यावर मागच्या दोन खोल्या उन्हाळ्यात पाहुण्यांना देऊनच मी मुलं शिकवली, तेव्हा पर्यटकांना मी नावं ठेवणार नाही. पण तेव्हा मी घरातच होते. आता खालची दोन घरं गेली की जिन्यात रोज नवी माणसं, आणि हिवाळ्यात अंधार. मग तू पाव कुठून आणणार? नाही म्हण.

सभा इमारतीच्या खालच्या दालनात, खुर्च्या घरोघरच्या. बारा घरांपैकी नऊ हजर. अर्जदारांपैकी एक तरुण होता, कर्ज डोक्यावर असलेला. त्याने आपली अडचण नीट मांडली आणि त्याच्याविषयी कुणीच वाकडं बोललं नाही. मी आजींचं पत्र अध्यक्षांना दिलं, त्यांनी चष्मा वर करून नाव वाचलं, माझं आडनाव एकच का म्हणून एकदा विचारलं, आणि नोंद केली. हात वर झाले. तीन पंचमांश काही भरले नाहीत. त्यानंतर जिन्यातल्या दिव्याचा विषय निघाला आणि तो तासभर चर्चा होऊन पुढच्या सभेवर ढकलला गेला.